सिडनीतली कोळी इन्स्पेक्शन सर्व्हिस: घरी येणाऱ्या माणसाला पाच स्टार, फोटो बघून सांगणाऱ्यांना एक

रिव्ह्यू लांबलाय, आधीच सांगते. ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी: घरी येऊन कोळी आणि त्यांची बिळं बघून सांगणारी पेस्ट कंट्रोलवाल्यांची इन्स्पेक्शन सर्व्हिस पैसे वसूल आहे, त्याच कंपनीची "फोटो पाठवा, आम्ही ओळखतो" ही फुकट सोय फुकटातसुद्धा महाग आहे, आणि शेवटी अख्ख्या बॅकयार्डला स्प्रे मारायचं पॅकेज विकायला बघतात त्याला हात जोडून नाही म्हणायचं. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण अशा तीन-चार कंपन्यांबद्दल ओळखीच्यांकडून हेच ऐकलंय, एकीलाच कशाला बदनाम करा.

आम्ही सिडनीच्या उत्तरेकडे राहतो, मागे लगेच बुश, म्हणजे झाडाझुडपांचं रान, सुरू होतं. इथे राहणाऱ्यांना माहितीय की नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, त्यातही दोन दिवस पाऊस पडून गेला की, काळे मोठे कोळी घरात यायला लागतात. लॉन्ड्रीत, गराजमध्ये, बाहेर काढून ठेवलेल्या बुटात. हे फिरणारे सगळे नर, मादीच्या शोधात निघालेले. मादी बिळाबाहेर फारशी पडतच नाही, वर्षानुवर्षं तिथेच. तर तुमच्या लॉन्ड्रीच्या फरशीवर जो येतो तो नर, आणि दुर्दैवाने सिडनी फनेल-वेब ह्या अतिविषारी कोळ्याच्या बाबतीत नराचंच विष जास्त घातक. ट्रॅपडोअर हा दिसायला तसाच, पण जवळपास निरुपद्रवी कोळी. म्हणून "ट्रॅपडोअर आहे की फनेल-वेब" हा प्रश्न इथे हौसेचा नाहीये, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही.

आमच्याकडे आला तो लॉन्ड्रीच्या दारातच बसलेला. सासूबाई इथेच होत्या तेव्हा, त्या म्हणाल्या, "अगं मार की चप्पल, बघत काय बसलीयेस." मी म्हटलं, "आई, मारला तर कळणार कसं कोण होता ते, आणि तुम्ही आधी मागे व्हा बघू." रुंद तोंडाची काचेची बरणी, लांब लाकडी उलथनं, ढकलला आत, झाकण. एक गोष्ट लक्षात ठेवा, फनेल-वेबला गुळगुळीत काचेवर चढता येत नाही आणि तो उडी पण मारत नाही, त्यामुळे बरणी उंच असेल आणि हात लांब ठेवला तर काम जमतं. पण ज्याला भीती वाटते त्याने करू नये, वरून बादली उपडी घालून दार लावून घ्यावं.

मग फोटो काढून कंपनीला पाठवला. उत्तर इतक्या पटकन आलं की मलाच नवल वाटलं: "ट्रॅपडोअर, निरुपद्रवी, बागेत सोडून द्या." सोबत स्मायली. आता तो फोटो वरून काढलेला, बरणीच्या काचेवर लाईट चमकतोय, पोटाचं टोक दिसत नाही, पुढचे पाय आखडून घेतलेले. त्या फोटोवरून काळा कोळी आहे एवढंच सांगता आलं असतं. मी विचारलं कशावरून म्हणताय, तर म्हणे "रंग ब्राऊन वाटतोय." रंगावरून! फनेल-वेब काळाकुळकुळीत पण असतो आणि गडद ब्राऊन पण असतो, ट्रॅपडोअर ब्राऊन असतो आणि ओला असला, अंधारात असला की काळाच दिसतो. सगळ्यात निकामी खूण कुठली असेल तर ती हीच. शेवटी पैसे भरून इन्स्पेक्शन बुक केलं.

आता जो माणूस आला त्याच्याबद्दल. पन्नाशीचा, गुडघ्याला पॅड बांधलेले, डोक्याला टॉर्च, हातात एक साधं भिंग. आल्या आल्या बागेत नाही गेला, आधी बरणी मागितली. बरणी उचलून डोळ्यांच्या लेव्हलला धरली आणि कोळ्याच्या मागच्या बाजूला बघायला लागला. पोटाच्या टोकाला रेशीम सोडणारी दोन बोटं असतात, स्पिनरेट म्हणतात त्यांना. मला म्हणाला इकडे ये, हे बघ. दोन लांब बोटं मागे सरळ बाहेर आलेली, स्पष्ट दिसत होती, आणि शेवटचं पेर रुंदीपेक्षा चांगलंच लांब. ट्रॅपडोअरची ही बोटं आखूड असतात, शेवटचं पेर बुटकं, टोकाला बोथट, पोटाखाली नीट बघितल्याशिवाय पटकन नजरेत भरत पण नाहीत. मग दुसरी गोष्ट, चकाकी. पुढचा जो कडक भाग असतो, ज्याला पाय जोडलेले असतात, तो ह्याचा पूर्ण तुळतुळीत, टॉर्च मारला तर उजेड परत येत होता. ट्रॅपडोअरच्या त्याच भागावर बारीक सोनेरी-करडी लव असते आणि त्यामुळे तो मळकट दिसतो, पोटावर कधी कधी फिकट आडवे पट्टे पण असतात.

तिसरी खूण त्याने बरणी हळूच तिरकी करून दाखवली, कोळी काचेला टेकून उभा राहिला तेव्हा. दुसऱ्या पायाच्या मधल्या भागाला आतल्या बाजूने एक काटा, चांगला ठसठशीत. तो काटा सिडनी फनेल-वेबच्या नराचा. ट्रॅपडोअरच्या नराला असे काटे असतात ते पहिल्या पायावर. आणि इथे सगळे जण गंडतात, हे त्याने आवर्जून सांगितलं: तोंडाजवळ जे दोन छोटे पायासारखे अवयव असतात, पाल्प, ते लोक पहिला पाय म्हणून मोजतात, मग दुसरा पाय तिसरा होतो आणि सगळाच हिशोब चुकतो. पाल्प सोडून मोजायचं. तसं सिडनीतल्या ब्राऊन ट्रॅपडोअरच्या नराचे पाल्पच बघितले तरी काम होतं, टोकाला बॉक्सिंग ग्लोव्ह घातल्यासारखे फुगीर असतात. आमच्या पाहुण्याचे बारीक होते.

म्हणजे फोटोवाल्यांनी स्मायली टाकून "बागेत सोडा" म्हटलं तो सरळ सरळ सिडनी फनेल-वेबचा नर होता. मी त्याला मोबाईलवर त्यांचं उत्तर दाखवलं, त्याच्याच कंपनीचं. त्याने वाचलं, काही बोलला नाही, परत माझ्या हातात दिला. चेहऱ्यावरून सगळं कळलं.

त्याने अजून एकाबद्दल सांगितलं जो बहुतेक जण विसरतात, माऊस स्पायडर. हा पण काळा, चकचकीत, ठेंगणा, आणि फनेल-वेब समजून सगळ्यात जास्त घोळ ह्याच्यावरून होतो. डोकं आणि जबडा मोठा फुगलेला, डोळे डोक्याच्या पुढच्या कडेवर लांब लांब पसरलेले, फनेल-वेबचे कसे मधोमध एका ठिकाणी दाटीने असतात तसे नाहीत. स्पिनरेट आखूड. एका जातीच्या नराचं डोकं-जबडा लालभडक असतो, तो ओळखायला सोपा, पण सिडनीकडे जो जास्त दिसतो त्याच्या नराच्या पोटावर फिकट निळसर पांढरा डाग असतो. ह्याच्या चाव्याला पण हलक्यात घ्यायचं नाही, आणि विशेष म्हणजे फनेल-वेबचं अँटीव्हेनम (विषावरचं उताऱ्याचं औषध) ह्याच्यावर पण चालतं.

मग बाग. इथे तर अजून गंमत झाली. लॉनमध्ये एक गोल भोक होतं, अंगठा मातीत दाबून काढावा तसं. शेजाऱ्यांनी ते बघून आम्हाला पार घाबरवून सोडलेलं, हेच फनेल-वेबचं बीळ, उकळतं पाणी ओता वगैरे. ह्या माणसाने पोटावर आडवं होऊन टॉर्च मारला. भोक स्वच्छ, कडा सारख्या, आतून रेशमाचं पातळ अस्तर, बाहेर एकही धागा पसरलेला नाही, उघड्या लॉनमध्ये. म्हणाला ट्रॅपडोअर. मी विचारलं, ट्रॅपडोअर म्हणजे झाकणासारखं दार ना, मग दार कुठेय? तर कळलं की सिडनीतला हा ब्राऊन ट्रॅपडोअर दार बनवतच नाही, भोक उघडंच ठेवतो. दार बनवणाऱ्या जाती आहेत, काही इतकं बेमालूम दार बनवतात की त्यावर पाय ठेवलात तरी कळणार नाही, पण सगळ्या नाही. त्यामुळे "झाकण नाही म्हणजे फनेल-वेब" हा जो नियम लोक एकमेकांना सांगत असतात तो सिडनीच्या बागेत बिनकामाचा आहे.

फनेल-वेबचं बीळ निघालं भलतीकडेच. मागच्या बाजूला जुन्या लाकडी स्लीपरची रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) आहे, सावलीत, कायम ओलसर, फर्न वाढलेत, मी तिथे हात घालून पालापाचोळा काढत असते दर महिन्याला (आता ग्लोव्ह घालून काढते). दोन स्लीपरच्या फटीत पांढरट रेशमाची नळी, तोंड वेडंवाकडं, आणि त्या तोंडापासून आजूबाजूच्या लाकडावर, दगडावर ताणलेले धागे. ते धागे म्हणजे तिची घंटी, किडा अडखळला की आत बसलेल्या मादीला कळतं. त्याने गवताची काडी घेऊन एका धाग्याला अगदी हलकेच लावली. काही झालं नाही. परत लावली. आणि मग नळीच्या तोंडाशी दोन काळे पाय आले, नुसती टोकं, थांबले, आणि झपकन आत. मी तीन पावलं मागे. तो तिथेच बसलेला, हसत म्हणाला, "बाईसाहेब घरी आहेत."

थोडक्यात जागेवरून पण अंदाज येतो: ओल, सावली, दगडाखाली, ओंडक्याखाली, फटीत, आणि तोंडाशी रेशमाचा पसारा असेल तर फनेल-वेबचा संशय घ्या. उघड्यावर, लॉनमध्ये, साधं नेटकं भोक असेल तर बहुतेक ट्रॅपडोअर. बहुतेक म्हटलंय, बोट घालून खात्री करायला जाऊ नका. आणि खिडकीच्या कोपऱ्यात जी मळकट नरसाळ्यासारखी जाळी असतात ती ह्या दोघांपैकी कोणाचीच नाहीत, तो ब्लॅक हाऊस स्पायडर. चावला तर दुखतं, पण तो फनेल-वेबच्या जवळपासचा पण नाही.

इन्स्पेक्शनच्या निमित्ताने मी बरंच वाचलं नंतर, त्यातलं थोडं टाकते कारण लोक एकतर फार घाबरतात नाहीतर फार हसण्यावारी नेतात. सिडनी फनेल-वेबमुळे 1927 ते 1980 च्या दरम्यान 13 मृत्यूंची नोंद आहे. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये स्ट्रुअन सदरलँड यांच्या टीमने अँटीव्हेनम तयार केलं, 1981 पासून ते वापरात आलं, आणि त्यानंतर एकही मृत्यू नाही. ह्यासाठी विष येतं सॉमर्सबीच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाईल पार्कमधून, तिथे जिवंत नरांचं विष काढतात, ते सशांना अगदी थोड्या थोड्या डोसने टोचतात आणि सशांच्या रक्तातल्या अँटीबॉडीजपासून औषध बनतं. आणखी एक विचित्र गोष्ट, हे विष माणसाला आणि माकडांना जबरदस्त लागतं पण कुत्र्या-मांजरांना तितकंसं काही करत नाही. त्यामुळे "आमच्या कुत्र्याला चावला, काही झालं नाही, म्हणजे ट्रॅपडोअरच असणार" हे जे शेजारी सांगतात ना, त्याला काही अर्थ नाही.

आणि 2025 मध्ये तर अजून भर पडली, जो एकच सिडनी फनेल-वेब समजत होते त्याच्या संशोधकांनी तीन जाती केल्या. मूळचा ॲट्रॅक्स रोबस्टस, दक्षिणेकडचा ॲट्रॅक्स मॉन्टॅनस, आणि न्यूकॅसलकडचा ॲट्रॅक्स ख्रिस्तेन्सेनी, जो सगळ्यांत दांडगा आणि ज्याला प्रेमाने "न्यूकॅसल बिग बॉय" म्हणतात. शास्त्रज्ञांना आत्ता आत्तापर्यंत जे वेगळे काढता आले नव्हते त्यांच्याबद्दल मोबाईलचं ॲप ठामपणे बोलतं ह्याची मला मजा वाटते. हो, मी ॲप पण लावून बघितलं, तोच कोळी, दोन फोटो. वरून काढलेल्या फोटोला ट्रॅपडोअर, बाजूने काढलेल्याला फनेल-वेब. दोन्हीला खात्रीचा हिरवा टिकमार्क. ॲपला मी दोष नाही देत, वरच्या फोटोत जे नाहीच ते त्याला दिसणार कुठून. पण "सांगता येत नाही, मागून आणि बाजूने फोटो काढा" एवढं म्हणायची सोय त्यात असायला हवी होती. त्या फोटोवाल्या कस्टमर केअरलाही हेच लागू. फोटो काढायचाच असेल तर बरणीच्या बाहेरून, बाजूने, स्पिनरेट आणि पुढचे चारही पाय दिसतील असा काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा.

ट्रॅपडोअरची बाजू पण घ्यायला हवी, बिचारा उगाच मार खातो. चावला तर दुखतं, सूज येते, बर्फ लावा, एवढंच. आणि आयुष्य किती मोठं! वेस्टर्न ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी 1974 पासून ज्या ट्रॅपडोअर कोळ्यांचा अभ्यास केला त्यातली "नंबर 16" नावाची मादी 43 वर्षं जगली, एकाच बिळात. आणि 2016 मध्ये मेली ती पण म्हातारपणाने नाही, एका परजीवी गांधीलमाशीने डंख मारला म्हणून. हे वाचल्यावर लॉनमधल्या त्या भोकाभोवती मी चार खडे लावून ठेवलेत, नवरा लॉनमोअर घेऊन निघाला की ओरडायचं तेवढं काम वाढलंय.

आता तक्रारी. एक, वेळ. "आठ ते बारा" सांगून पावणेएकला आला, रस्त्यात फोन नाही मेसेज नाही. दोन, आणि ही मोठी, निघताना त्याने टॅबलेट पुढे केला त्यावर वार्षिक स्प्रेचं पॅकेज, किंमत बघून मी टॅबलेटच परत दिला. खरं सांगायचं तर त्यालाही ते विकताना अवघडल्यासारखं झालेलं, ऑफिसकडून सक्ती असणार. बीळ करून खोल आत बसणाऱ्या कोळ्याला वरवर मारलेल्या औषधाने फारसा फरक पडत नाही, आणि बुशमधून दर उन्हाळ्यात नवे नर येतच राहणार. त्यापेक्षा फुकटचे उपाय: दाराखालच्या फटीला पट्टी, जमिनीवर कपडे-टॉवेल टाकायचे नाहीत, बाहेरचे बूट झटकूनच घालायचे, आणि पूलमध्ये "मेलेला" कोळी दिसला तर हाताने काढायचा नाही. अंगावरच्या केसांत हवेचे बुडबुडे धरून फनेल-वेब पाण्याखाली एक दिवसभर सुद्धा जिवंत राहतो. हे त्या पॅकेजच्या माहितीपत्रकात कुठेच नाहीये.

तीन, रिपोर्ट. इमेलवर जी पीडीएफ आली त्यात "कोळी आढळले, उपचाराची शिफारस" एवढंच. माणसाने तासभर एवढं सगळं समजावलं, दाखवलं, त्यातलं एक वाक्य नाही, कुठल्या फटीत कोण ते पण नाही. मी त्याच्यासमोरच बिळांचे फोटो काढले होते आणि बागेचा कच्चा नकाशा काढून खुणा केल्या होत्या म्हणून बरं. तुम्ही बुक केलंत तर तुम्हीपण करा.

बरणीतल्या नराचं काय करायचं विचारलं तर त्यानेच सांगितलं की रेप्टाईल पार्क लोकांनी पकडलेले फनेल-वेब घेतं, अँटीव्हेनमसाठी त्यांना नर हवेच असतात, आणि सिडनीत पण ते जमा करायची ठिकाणं आहेत, चालू यादी त्यांच्या वेबसाईटवर बघायची. बरणीत थोडी ओलसर माती, झाकणाला बारीक भोकं, वर लेबल. आम्ही नेऊन दिला. सासूबाई गाडीत मागच्या सीटवर बरणीपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसल्या होत्या, पण पुण्याला परत गेल्यापासून ही गोष्ट सगळ्यांना स्वतः पकडल्यासारखी सांगतायत.

आणि चावलाच तर: मोठा काळा कोळी असेल आणि कुठला ते माहीत नसेल तर फनेल-वेबच समजायचं, ओळखत बसायचं नाही. त्या माणसाला हलू द्यायचं नाही, चावलेल्या जागेपासून सुरू करून पूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट इलॅस्टिक बँडेज, वर फळी बांधून तो अवयव स्थिर, आणि 000 ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन. तोंडाभोवती मुंग्या, घाम, लाळ, स्नायू फडफडणं हे पटकन सुरू होऊ शकतं, त्यामुळे वाट बघायची नाही. कोळी सहज बरणीत आला तर बरोबर न्यायचा, त्याच्या मागे धावायचं नाही.

बुक करताना फोनवर स्पष्ट सांगा, "फक्त इन्स्पेक्शन, ट्रीटमेंट नको", आणि ते लेखी घ्या, नाहीतर ॲटोमॅटिक कॉम्बो लावतात. वयाने मोठा, बागेत गुडघे टेकणारा टेक्निशियन मिळाला तर नशीब. आणि आठ ते बाराचा स्लॉट घेतलात तर दुपारचं जेवण उरकूनच वाट बघा.